मॉरिस आवडाला, फियाट कडूबाला

मी, भिकन मुंजाबा शिंगाडे, वय वर्षे पंच्याहत्तर, धंदा पूर्वी टॅक्सी, हल्ली काही नाही, मूळ राहणार देवगाव रंगारी, तालुका कन्नड, हल्ली मुक्काम हर्सूल, औरंगाबाद, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, स्वतःच्या हाताने, कोणी मागे लागलेले नसताना लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्याचा दाखला लागत नाही.

माझ्या अक्षरावर कोणी हसू नये. मी शाळेत गेलो नाही. आमचे घर मेंढरामागे फिरणारे. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेल्यानंतर हळूहळू मैलाच्या दगडांवर मराठी अक्षरे आली, तेव्हा मी ट्रकवर होतो. ती वाचत वाचत शिकलो. पहिला शब्द लिहिला तो ‘देवगाव रंगारी’. त्यामुळे आजही मला गावांची नावे माणसांच्या नावांपेक्षा चांगली लिहिता येतात.

कलम १. माझी पत्नी बानाबाई सहा वर्षांपूर्वी वारली. मला एकच मुलगा, कडूबा. तो वाळूजला एका कंपनीत फिटर आहे आणि बजाजनगरमध्ये राहतो. त्याची पत्नी आवडाबाई, आणि त्यांची एक मुलगी. याखेरीज माझ्या मिळकतीवर हक्क सांगणारा कोणी नाही. देवगावचे चुलत भाऊ सांगतील. त्यांना चहा द्यावा.

कलम २. हर्सूलचे घर, दोन खोल्या आणि पुढचे पत्र्याचे शेड, कडूबाला. बँकेत जे काही असेल ते नातीच्या शिक्षणाला. बानाबाईची जोडवी आणि डोरले आवडाकडे आधीच आहे, त्याबद्दल कोणी विचारू नये.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे पान्यांचे दोन संच, जॅक, ग्रीसगन, आणि प्लगची फट मोजायची पट्टी, सांडू मेकॅनिकला द्यायची होती. पण सांडू या कागदाला साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देणे बरे नव्हे, असे आमचे शेजारी निवृत्त पोस्टमास्तर काकासाहेब म्हणतात. म्हणून ती मी आजच, जिवंतपणी, त्याच्या हातात दिली. त्याने लगेच पाने मोजले. चौदा नंबरचा पाना एकोणीसशे एकोणसत्तरपासून त्याच्याकडेच आहे, हे मी बोललो नाही. इथे लिहितो.

कलम ४. आता मुख्य मिळकत. माझ्या शेडमध्ये दोन मोटारी आहेत. एक मॉरिस मायनर, चार दारांची, सन १९५३ची, रंग मूळचा हिरवा. दुसरी फियाट अकराशे, सन १९५७ची, रंग राखाडी. दोन्ही चालू आहेत. जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलचे मॅनेजर तीनदा येऊन गेले. त्यांना दोन्ही गाड्या दारात, कुंड्यांच्या मध्ये, शोभेला उभ्या करायच्या आहेत. त्यांना देऊ नयेत. उभी राहिलेली गाडी म्हणजे खुंट्याला बांधलेले मेंढरू. खाते, पण गुण विसरते.

या दोन गाड्यांत कोणती चांगली, हा वाद मी आणि फुलंब्रीचा रामकिसन आप्पासाहेब गायके, आम्ही दोघांनी पंचवीस वर्षे केला. रामकिसन आता नाही. मी एकटाच उरलो आहे म्हणून माझ्याच बाजूने लिहिणे बरोबर होणार नाही. दोन्हीकडचे लिहितो.

मॉरिस मी अठ्ठावन्न साली घेतली. मी एका जिनिंगवाल्या शेटजींकडे तिच्यावर ड्रायव्हर होतो. त्यांनी मोठी गाडी घेतली आणि ही विकायला काढली. माझ्या बापाने, मुंजाबाने, चाळीस मेंढ्या विकल्या. गाडी घरी आणली तेव्हा त्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर हात फिरवला आणि विचारले, “खाती काय ही?”

“पेट्रोल.”

“अन् बसली तर?”

“ही बसत नाय, बा.”

“बसती रं. जनावर म्हटलं की कधीतरी बसतंच. तवा मारू नको तिला.”

मी तिला कधी लाथ मारली नाही. तिची किल्ली फिरवली की आधी पेट्रोलचा पंप टकटक करतो, पोट भरले की गप्प होतो, मग स्टार्टर ओढायचा. वळताना दाराच्या खांबातून पिवळा हात बाहेर येतो. पुढची काच मधोमध दुभागलेली. इंजिन लहान, चढाला दम लागतो. पण स्टिअरिंग असे की मनात वळण आले की गाडी वळलेली असते. उतारावर ती रस्ता सोडत नाही. गिअरची दांडी खाली, हाताशी, आणि गिअर पडतो तो लोण्यात सुरी गेल्यासारखा.

रामकिसनने फियाट आणली ती पुढच्या वर्षी. तो जमीनजुमल्याच्या घरातला, पण शेतात त्याचे मन नव्हते. वाटणीची जमीन भावांना कसायला देऊन तो स्टेशनच्या टॅक्सी स्टँडवर, मी गाडी लावायचो तिथेच, आला. फियाटचे इंजिन दमदार. चौका घाट ती गाणे म्हणत चढते. गिअरची दांडी स्टिअरिंगलाच, त्यामुळे पुढच्या सीटवर तिघे बसतात. पुढची दारे उलटी उघडतात, म्हणून लुगडे नेसलेल्या बाईला पाय आधी बाहेर ठेवून सरळ उठता येते. गादी मऊ. मागे सामानाला जागा जास्त. पेट्रोलही जास्त.

तो माझ्या गाडीला ‘मेंढी’ म्हणायचा, एक तिच्या गोल पाठीमुळे आणि दुसरे माझ्या जातीमुळे. मी त्याच्या गाडीला ‘पाटलीण’ म्हणायचो. स्टँडवरचे सगळेच मग तसे म्हणू लागले. एकदा एका मुंबईच्या कुटुंबाने वेरूळला जायला कोणती गाडी बरी, असे सहज विचारले. आम्ही दोघे सांगू लागलो. सांगता सांगता मी बॉनेट उघडले, त्याने दारे उघडली. मान वर करून पाहिले तर ते लोक टांगा करून एसटी स्टँडकडे निघून गेले होते.

कलम ५. हे जुने भांडण आहे आणि ते मी कायम मिटवून ठेवतो. बासष्ट सालच्या थंडीत आम्ही हर्सूल नाक्यापासून फर्दापूरपर्यंत शर्यत लावली. दोघांच्या गाडीत ज्वारीची दोन दोन पोती. चौका घाटात फियाट पुढे गेली, हे कबूल. पण फुलंब्रीत रामकिसनची आई लक्ष्मीबाई रस्त्यात उभी होती. आपण पुढे आहोत हे आईला दिसावे म्हणून त्यानेच तिला निरोप दिला होता. तिने गाडी अडवली आणि भाकरी खाल्ल्याशिवाय सोडले नाही. मी बाजूने निघून गेलो. पुढे अजिंठ्याच्या उतारावर त्याने मला गाठले, पण वळणावळणाने मॉरिस सुटत गेली ती सुटलीच. रामकिसन मरेपर्यंत म्हणत राहिला, “भाकरीचा वेळ धरायचा नाय.” मी इथे लिहून ठेवतो की भाकरीचा वेळ धरायचा. शर्यत मॉरिसने जिंकली.

कलम ६. मॉरिस मायनर मोटार मी माझी सून आवडाबाई हिला देतो. फियाट मोटार माझा मुलगा कडूबा याला देतो. लोक म्हणतील, म्हाताऱ्याने उलटे लिहिले. मॉरिस बापाची, ती मुलाला जायला हवी. फियाट रामकिसनची, आणि आवडा रामकिसनची मुलगी. पण मी उलटे लिहिलेले नाही. त्याची कारणे पुढच्या दोन कलमांत आहेत.

कलम ७. आवडा मॉरिसमध्ये जन्मली आहे.

पासष्ट सालचा भादवा. मी फर्दापूरला पाहुणे सोडून रिकामा परत येत होतो. दुपारची वेळ. फुलंब्रीत रस्त्याच्या मधोमध रामकिसन दोन्ही हात वर करून उभा. त्याची फियाट सांडूकडे इंजिन खोलून पडलेली. त्याची बायको आशाबाई अडली होती. तिला आणि लक्ष्मीबाईला मागे बसवले, रामकिसन माझ्या शेजारी. रस्ताभर तो बोलत होता, “भिकन, पळव रं. पळव. हिला दम नाय का?” मी म्हणालो, “दम आहे, खड्डे पण आहेत.” चौक्याचा घाट उतरलो आणि सावंगीच्या अलीकडे लक्ष्मीबाईने मागून माझ्या खांद्यावर थाप मारली. “थांबव! अन् दोघं उतरून तोंडं फिरवा!”

आम्ही निंबाच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिलो. रामकिसनने माझा हात धरला होता, त्याची नखे लागली होती. थोड्या वेळाने रडणे ऐकू आले. लक्ष्मीबाई म्हणाली, “पोरगी हाय. लई गोड हाय.” रामकिसन झाडाला टेकून खालीच बसला. मग डोळे पुसून मला म्हणाला, “माझी लेक मेंढीत जन्मली हे स्टँडवर सांगू नको.” मी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी पेढे वाटताना त्यानेच सगळ्यांना सांगितले.

म्हणून मॉरिस आवडाची. ज्या घरात जन्म झाला त्यावर माणसाचा हक्क असतो.

कलम ८. हे कलम लिहायला मला चार दिवस लागले.

माझा कडूबा आणि आवडा एकमेकांना लहानपणापासून ओळखत. पंच्याऐंशी साली दोघांनी लग्न करायचे ठरवले. रामकिसन भर स्टँडवर माझ्यासमोर आला आणि म्हणाला, “मेंढरामागं फिरणाराच्या घरात माझी लेक जाणार नाय.” पंचवीस वर्षे त्याने माझ्या गाडीला मेंढी म्हटले, मला राग आला नव्हता. त्या दिवशी आला. मी म्हणालो, “तुझी लेक येईल. तू येऊ नको.” लग्न कचेरीत झाले. तो आला नाही, आशाबाईलाही त्याने येऊ दिले नाही. त्यानंतर आम्ही एकाच स्टँडवर, वीस पावलांवर, रोज गाड्या लावायचो आणि बोलायचो नाही.

आवडाला आजपर्यंत एवढेच माहीत आहे: बापाने बारा वर्षे तिचे तोंड पाहिले नाही, नात झाल्यावरही विचारले नाही. हे खरे नाही.

सत्त्याऐंशी साली नात झाली. महिनाभराने मी एकदा चहा पिऊन आलो तर मॉरिसच्या सीटवर एक गाठोडे होते. आत हिरव्या खणाची, लाल काठाची कुंची आणि चांदीचे वाळे. आणि रामकिसनच्या अक्षरात चिठ्ठी, ‘पोरीला आणि नातीला घेऊन या. आशा वाट पाहते. मी चुकलो.’ बाकीच्या गाड्या भाड्यावर गेल्या होत्या. स्टँडवर आम्ही दोघेच. तो फियाटमध्ये बसून उगाच दुसरीकडे पाहत होता.

मी ते गाठोडे उचलले, चालत गेलो आणि त्याच्या बॉनेटवर ठेवले. म्हणालो, “आमची नात मेंढरामागच्या घरातली हाय. तिला घोंगडीच बरी.”

त्याने गाठोडे आत घेतले आणि गाडी सुरू करून निघून गेला. मी घरी कोणाला सांगितले नाही. बानाबाईलाही नाही. मला वाटले, बरे झाले, जिरली. पुढे आवडा सणासुदीला दाराकडे पाहायची तेव्हा मला कळायचे ती कोणाची वाट पाहते आहे. मी मोटार पुसायला शेडमध्ये जायचो.

अशी आणखी दहा वर्षे गेली. ती दहा वर्षे रामकिसनची नाहीत, माझी आहेत. माझ्या नावावर लिहावीत.

सत्त्याण्णव साली रामकिसनचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण गाडी चालवण्याइतके राहिले नाहीत. एका सकाळी पुतण्याने त्याला स्टँडवर आणून सोडले. फियाट स्टँडवरच उभी होती, पण तो तिकडे गेला नाही. हाताने चाचपत मॉरिसपर्यंत आला, मागचे दार उघडले आणि आत बसला. मी किल्ली फिरवली. पंप टकटक करून थांबला.

मी विचारले, “कुठं?”

“बजाजनगर.”

छावणी गेली, रेल्वेचा पूल गेला. वाळूजच्या रस्त्याला लागल्यावर तो म्हणाला, “गिअर लई सुरेख पडतो रे हिचा.”

चाळीस वर्षांत हे त्याने पहिल्यांदा कबूल केले. मला गाडी बाजूला घ्यावी लागली. मी म्हणालो, “रामकिसन, ते गाठोडं मी आवडाला दाखवलंच नाय.”

“मला माहीत हाय. दाखवलं असतं तर ती आली असती.”

“मी आज तिला सांगतो.”

तेव्हा त्याने मागून माझा खांदा धरला. “नाय सांगायचं. मी तिचा बाप, मला शिव्या देऊन ती मोकळी होईल. तुझ्या घरात तिला राहायचंय. सासऱ्यावरनं मन उडालं तर तिनं कुठं जावं? माझ्यावरच राहू दे.”

आवडाने दार उघडले. बाप भिंत चाचपताना दिसला तसे तिने आधी त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला. मग त्याच्या छातीवर डोके ठेवून रडली, आणि रडता रडता म्हणाली, “दादा, बारा वर्षं लागली व्हय तुम्हाला?” तो म्हणाला, “लागली, बाई. माझंच चुकलं.” मी जिन्यात उभा होतो. मी ऐकले आणि गप्प राहिलो.

पुढे सहा वर्षे मी त्याला दर आठवड्याला न्यायचो. त्याने फियाटचे कागद माझ्या नावावर केले. म्हणाला, “मेंढीच्या शेजारी उभी कर. एकटी राहिली की गाडी बिघडते.” दोन हजार तीन साली तो गेला.

फियाट मी कडूबाला देतो ते यासाठी, की जावयाला सासऱ्याच्या घरून काहीच मिळाले नाही असे लोक बोलत, आणि मी बोलू दिले. रामकिसनने द्यायला हात पुढे केला होता. मधे मी होतो.

आवडा, हे तू वाचशील तेव्हा मी नसेन. तुझ्या बापाला दोष देऊ नको.

इथपर्यंतचा मजकूर दिनांक ४ मार्च २००७ रोजी लिहून झाला. साक्षीदार म्हणून सांडू आणि काकासाहेब आले. काकासाहेबांनी शुद्धलेखन तपासले. सांडूने कलम आठ दोनदा वाचले, चष्मा काढला आणि सही न करता कागद परत दिला.

म्हणाला, “मेल्यावर माफी मागतो व्हय रे? तिनं भांडायचं कोणाशी? फोटोशी?”

मी म्हणालो, “माझ्याच्यानं तोंडानं होणार नाय.”

“मग माझ्याच्यानं सही होणार नाय.”

यापुढील मजकूर सतरा दिवसांनंतरचा आहे.

कलम ९. मी दुसऱ्या दिवशी दुपारी बजाजनगरला गेलो. कडूबा ड्युटीवर होता. आवडा डाळ निवडत बसली होती. मी खुर्चीवर न बसता खाली तिच्यासमोर बसलो आणि सगळे सांगितले, वरती लिहिले आहे तसेच. तिचा डाळीतला हात थांबला. शेवटी तिने विचारले, “कुंची कोणत्या रंगाची होती, आबा?”

“हिरवी. लाल काठाची.”

“आबा, तुम्ही आता घरी जा.”

मी आलो. चौदा दिवस तिचा फोन नाही. कडूबाला मीच बोलावून सांगितले. त्याने माझ्याकडे असे पाहिले की तसे त्याने कधी पाहू नये. पण जाताना माझ्या गोळ्या संपल्यात का, हे विचारून गेला.

काल आवडा आली, एकटी, सिटी बसने. ती आधी फुलंब्रीला आईकडे जाऊन आली होती. म्हणाली, “आईला सगळं ठाऊक होतं. कुंचीचं कापड दादांनी शहागंजातून स्वतः आणलं, काठ जुळंना म्हणून दोनदा गेले. आईनं शिवली. तुम्ही परत केल्यावर दादांनी आईला शपथ घातली, पोरीला बोलायचं नाय म्हणून.” मग म्हणाली, “मी तुम्हाला माफ केलं, असं समजू नका. मला अजून कळत नाय. मी दादांना किती बोलले, आबा. ते नुसते ऐकून घ्यायचे.”

मी म्हणालो, “व्हय.”

तिने कागद मागितला. उभ्या उभ्या सगळा वाचला. शर्यतीच्या कलमाला तिच्या तोंडावर थोडे हसू आल्यासारखे वाटले, पण मी खात्रीने लिहू शकत नाही. कलम सहाशी आल्यावर तिने बोट ठेवले.

“हे बदला.”

मला वाटले तिला मॉरिस नको. मी म्हणालो, “फियाट घे. दोन्ही घे.”

“गाडी राहू द्या. माझं नाव बदला. ‘माझी सून’ लिहिलंय तुम्ही.”

“मग काय लिहू?”

ती माझ्या शेजारी बसली. मी बोलावल्यावरून काकासाहेब हजर होते, सांडू हजर होता. ती एकेक शब्द सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. तिने कागद धरून ठेवला. त्याप्रमाणे कलम सहामधील पहिले वाक्य रद्द करून त्याजागी हे वाक्य वाचावे:

मॉरिस मायनर मोटार मी आवडाबाई हिला देतो. ही फुलंब्रीचे रामकिसन आप्पासाहेब गायके यांची मुलगी. तिला तिच्या वडिलांनी कधीही टाकले नव्हते.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही आणि यानंतर करणार नाही. वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो खरा आहे.

सही: भिकन मुंजाबा शिंगाडे

आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली, म्हणून आम्ही करतो:

१. सांडू येसाजी बोर्डे, मोटार मेकॅनिक, राहणार हर्सूल (आता सही करतो)
२. काकासाहेब विठोबा तुपे, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार हर्सूल

ठिकाण: हर्सूल, औरंगाबाद
दिनांक: २१ मार्च २००७